भिकू म्हात्रेला कुणी मारलं? एका ओरखड्याची गोष्ट

(भागाचा मजकूर. ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग जमलं तर इअरफोन लावून ऐका. कारण आज आवाजाबद्दल बोलायचंय, आणि चित्राबद्दल. प्रश्न साधा आहे. घरी बसून आपण जो सिनेमा पाहतो, कॅसेटवर, सीडीवर, टीव्हीवर, मोबाईलवर, तो बनवणाऱ्यांनी बनवलेलाच सिनेमा असतो का? की त्यातला काही भाग वाटेत कुठेतरी सांडलेला असतो?

उदाहरणाला एकच सिनेमा घेतलाय. राम गोपाल वर्माचा ‘सत्या’. ३ जुलै १९९८ ला आला. सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांनी लिहिलेला, मनोज वाजपेयीचा भिकू म्हात्रे ज्यात आहे, तो. आणि हो, शेवट सांगणार आहे. पाव शतक उलटून गेलंय सिनेमाला, तरी कुणी पाहिला नसेल तर इथे थांबा, पाहून या.

थांबलात ना? मग सुरू करू.

माझं गाव दारव्हा, जिल्हा यवतमाळ. बाबांची कॅसेट लायब्ररी होती. म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, भिंतीला लाकडी फळ्या, त्यावर व्हिडिओ कॅसेटी. बाहेर पाटी: ‘व्हीसीआर, कलर टीव्ही भाड्याने मिळेल’. लग्न, बारसं, गणपती, काहीही असलं की रात्रभरासाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी जायच्या. सायकलच्या कॅरिअरवर टीव्ही बांधून नेताना मी मागून धरून चालायचो. ते माझं पहिलं काम.

बाबांची एक गंमत होती. कॅसेट परत आली की ते ती मधेच कुठेतरी लावून पाहायचे आणि सांगायचे, लोकांनी कोणता सीन पुन्हा पुन्हा पाहिला. कारण कॅसेटची फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय थर. व्हीसीआरमधलं डोकं, ज्याला सगळे ‘हेड’ म्हणतात, त्या फितीवर घासत फिरतं. एकाच जागी दहा वेळा मागे-पुढे केलं, पॉज करून ठेवलं, की तिथला थर झिजतो. मग चित्रावर पांढऱ्या रेघा येतात. बाबा म्हणायचे, ‘‘जिथे रेघा, तिथे पब्लिक.’’ मारामारीवर रेघा, गाण्यांवर रेघा. कोर्टाच्या सीनवर कधीच नाही.

आता कॅसेटची लायकी बघा. व्हीएचएस कॅसेटमध्ये आडव्या दिशेने साधारण २४० रेघांइतकाच तपशील मावतो. त्यात मूळ कॅसेटवरून कॉपी केली की आणखी कमी, कॉपीवरून कॉपी केली की आणखी. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. रंग वाहतो, लाल रंग तर ओठातून गालावर उतरतो. तरी लोक पाहायचे. चादर अंथरून, चाळीस-चाळीस माणसं, एका एकवीस इंची टीव्हीसमोर. त्या लोकांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही, हे आधीच सांगतो. मी त्यांच्यातलाच आहे.

मग आली सीडी. व्हीसीडी. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. बाबांनी कॅसेटी अर्ध्या किमतीत विकून सीडी प्लेअर घेतले. आणि त्या सीडींच्या ढिगात ‘सत्या’ होता. बिनाकव्हरचा, पांढऱ्या कागदी पाकिटात, वर निळ्या पेनानं लिहिलेलं नाव. कुठून आला होता ते विचारू नका. तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

बाबा मला तो पाहू देत नव्हते. पण आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी लाईन जायची, तासन्‌तास. आणि लाईन आली की बाबा झोपलेले असायचे. तेवढ्यात आम्ही तीन पोट्टे गाळ्याचं शटर अर्धं खाली ओढून बघायचो.

तर सिनेमा चालू आहे. सत्या मुंबईत येतो, जेलमध्ये भिकूशी गाठ पडते, गुरु नारायणचा काटा निघतो, पोलीस आयुक्त मारला जातो, भाऊ ठाकूरदास निवडणूक जिंकतो. विजयाचा माहौल. भिकू आलाय. सगळे हसतायत. आणि... खर्रर्र! पडद्यावर चौकोन चौकोन. भिकूचा चेहरा दाबेली चेपल्यासारखा झाला, आवाज ‘क्‌-क्‌-क्‌’ करायला लागला, चित्र थांबलं. प्लेअरने दोन-तीन उचक्या दिल्या आणि सरळ पुढे उडी मारली.

पुढे भिकू नाहीच. सगळे गंभीर. शेवटी सत्या गणपती विसर्जनाच्या गर्दीत घुसून भाऊला भोसकतो.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघतोय. भिकू कुठे गेला?

सीडी काढली, शर्टाला पुसली, परत लावली. त्याच जागी तेच. खोबरेल तेल लावलं, कुणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्ट लावली. तरी तेच. मग आमच्यात वाद. एक म्हणाला, पोलिसांनी एन्काउंटर केला असणार. दुसरा म्हणाला, कल्लू मामानं मारलं, तो फितूर झाला. मी म्हणालो, तो वकील, मुळे, तो पहिल्यापासून संशयास्पद वाटतो. भाऊवर कुणालाच संशय नाही, कारण भाऊ तर आत्ता हसत होता ना त्याच्यासोबत! मग सत्यानं भाऊला का मारलं? यावर आमचं एकमत झालं: राजकारण.

हसू नका. अहो, दहा वर्षं मी हेच धरून चाललो होतो. सिनेमा रहस्यपट नाहीच, कुणी मारलं ते डोळ्यांसमोर दाखवलेलं आहे. पण एका ओरखड्यानं आमच्यासाठी त्याचा रहस्यपट केला.

आता असं का होतं, ते समजून घेऊ. यात थोडं तंत्र आहे, पण सोपं करतो.

व्हीसीडी म्हणजे साधी ऑडिओ सीडीच, फक्त तिच्यात चित्रही कोंबलेलं. १९९३ साली हे मानक ठरलं. एका सीडीत ७४ मिनिटं. चित्राचा आकार ३५२ बाय २८८ ठिपके. तुमच्या मोबाईलचा पडदा फुल एचडी असेल तर त्यात १९२० बाय १०८० ठिपके असतात. गुणाकार करून बघा, वीसपट फरक येतो. म्हणजे मोबाईलवर जिथे वीस ठिपके, तिथे व्हीसीडीचा एक.

आणि हे ३५२ बाय २८८ सुद्धा दाबून भरलेलं. चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत तोडतात आणि प्रत्येक चौकोनातला ‘डोळ्याला फारसा कळणार नाही’ असा तपशील फेकून देतात. शिवाय प्रत्येक चित्र पूर्ण ठेवतच नाहीत. एक पूर्ण चित्र, आणि मग पुढच्या चित्रांसाठी फक्त ‘आधीच्यापेक्षा काय बदललं’ एवढीच नोंद. त्यामुळे मधली एक नोंद खराब झाली की पुढचं सगळं बिघडतं, नवीन पूर्ण चित्र येईपर्यंत. म्हणून ते चौकोन. म्हणून भिकूचा चेहरा तसा झाला.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कॉम्प्युटरच्या डेटा सीडीवर ओरखडा पडला तर ती भरून काढायला माहितीचा एक जास्तीचा थर लिहिलेला असतो. व्हीसीडीत चित्राला जागा हवी म्हणून तो जास्तीचा थरच काढून टाकला होता. म्हणजे दुरुस्तीचं सामान कमी करून माल जास्त भरला. स्वस्तात भरपूर दाखवायचं, तर कुठेतरी काटछाट होणारच.

जाता जाता, कुणाकडे जुन्या सीडी असतील तर: गोल गोल पुसू नका. मऊ कोरड्या कपड्यानं मधून बाहेरच्या कडेकडे, सरळ पुसा. गोल पुसताना पडलेला ओरखडा लिहिलेल्या रेघेच्याच दिशेनं जातो, आणि मग एका सलग जागची सगळी माहिती जाते. आडवा ओरखडा त्यातल्या त्यात बरा. आम्ही टूथपेस्ट लावून गोल गोल घासली होती. म्हणजे भिकूला मारण्यात आमचाही हात होता.

आता मोठा प्रश्न. ‘सत्या’ पावणेतीन तासांचा. ७४ मिनिटांची एक सीडी, म्हणजे तीन लागतात. आमच्याकडे दोनच होत्या! म्हणजे ओरखड्याच्या आधीच कुणीतरी कात्री चालवली होती. काय कापलं ते त्या दोन सीडीवाल्यालाच माहीत. मी ‘सत्या पाहिलाय’ असं छातीठोक सांगायचो, पण मी सत्याचा चोथा पाहिला होता.

मग २००७ साली बाजारच उलटला. मोजर बेअर कंपनीनं अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. मराठी सिनेमेही आले त्यात. ज्या किमतीत लोक चोरीची सीडी घ्यायचे, जवळपास त्याच किमतीत खरी. बाबांनी गाळ्यात स्टँड लावला. पण तोवर भाड्यानं नेणारे कमी झाले होते. ३४ रुपयांत विकतच मिळत असेल तर भाडं कोण देणार? त्यानंतर मोबाईलचं मेमरी कार्ड आलं, लोक कार्डात सिनेमे भरून घ्यायला लागले. २०११ च्या दिवाळीत बाबांनी गाळा रिकामा केला. त्या जागी आता मोबाईल रिचार्ज आणि कव्हरचं दुकान आहे.

मी तेव्हा पुण्यात होतो, कॉलेजला. होस्टेलवरच्या एका मित्राकडे ‘सत्या’ची डीव्हीडी होती. रात्री अकरा वाजता लॅपटॉपवर लावली, हेडफोन घातले. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ पर्यंत जातं, व्हीसीडीच्या चौपट ठिपके. पण मला चित्राचं नाही, आवाजाचं सांगायचंय.

तो सीन आला. भाऊचा विजय. हसणं, बोलणं. माझं पोट गोळा व्हायला लागलं, कारण इथेच खर्रर्र व्हायचं. आणि या वेळी काही झालं नाही. हसणं चालू राहिलं. आणि मग एकदम गोळी.

मी हेडफोन काढून फेकला. खरं सांगतो. दहा वर्षं मला वाटत होतं की तिथे काहीतरी मोठी मारामारी असेल, डायलॉगबाजी असेल. काहीच नाही. हसता हसता माणूस संपला. आणि कुणी मारलं, तर भाऊनं. ज्याच्यावर आम्ही तिघांनी संशयसुद्धा घेतला नव्हता.

मग मला विसर्जनाचा सीन कळला. सत्याचा राग कळला. शेवटची पंधरा-वीस मिनिटं मी जणू पहिल्यांदाच पाहिली.

त्या रात्री मला एक गोष्ट समजली. गुन्ह्याच्या सिनेमात चित्र-आवाज चांगला असणं ही श्रीमंतांची हौस नाही. प्रेमकथेत चेहरा थोडा पुसट दिसला तरी गोष्ट कळते. विनोदी सिनेमात आवाज फाटका असला तरी हसू येतं. पण थ्रिलरमध्ये? अंधारात कोण उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे, आवाज डावीकडून आला की मागून, शांतता किती वेळ टिकली, हीच तर गोष्ट असते. तपशील गेला की पुरावा गेला.

याचं मराठी उदाहरण देतो. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’, १९६४. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवर. काशिनाथ घाणेकर आणि भावना. एक वकील, त्याची बायको वारलेली, आणि पोलिसांच्या ताब्यातली एक बाई म्हणते की मीच तुमची बायको. पुढे १९६६ मध्ये राज खोसलांनी यावरूनच हिंदीत ‘मेरा साया’ केला. आता विचार करा, सगळी गोष्ट एका चेहऱ्याच्या ओळखीवर उभी आहे. तीच की दुसरी? प्रेक्षकानं तिचे डोळे बघायचेत, तिच्या आवाजातला कंप ऐकायचाय. आणि आपण तो सिनेमा कसा बघतो? टीव्हीवरून रेकॉर्ड केलेला, कोपऱ्यात लोगो, चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. काळ्या-पांढऱ्या सिनेमात तर सगळा खेळ सावलीच्या पायऱ्यांचा. त्या पायऱ्या सपाट झाल्या की संशयही सपाट होतो.

आता अंधाराबद्दल. तुम्हाला अनुभव असेल, रात्रीचा सीन आला की मोबाईलवर काळ्या भागात ढगासारखे थर हलताना दिसतात. काजळी पाण्यात कालवल्यासारखे. तो कॅमेऱ्याचा दोष नसतो. फाईल लहान करताना यंत्र आधी अंधारातला तपशील फेकतं, कारण त्याला वाटतं, इथे काय दिसणार आहे? २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या शेवटच्या सीझनमध्ये रात्रीच्या लढाईचा एक भाग आला होता. जगभरातून तक्रारी आल्या की काही दिसतच नाही. कॅमेरामनचं म्हणणं होतं, आम्ही नीट शूट केलंय, तुम्ही अंधाऱ्या खोलीत, टीव्हीचं सेटिंग नीट करून बघा. थोडं दोघांचंही बरोबर होतं. सिनेमा मोठ्या काळोख्या हॉलसाठी बनतो आणि आपण तो एसटीच्या खिडकीत, उन्हात, चाळीस टक्के ब्राइटनेसवर बघतो.

आणि यंत्राला सगळ्यात जास्त घाम कशानं फुटतो, माहितीये? पाऊस, धूळ, गुलाल, गर्दी. कारण मघाशी सांगितलं ना, यंत्र फक्त ‘काय बदललं’ याची नोंद ठेवतं. माणूस भिंतीसमोर उभा राहून बोलतोय, तर फक्त ओठ बदलतात. सोपं. पण विसर्जनाची मिरवणूक? पडद्यावरचा प्रत्येक ठिपका प्रत्येक क्षणी बदलतोय. नोंदवहीच पुरत नाही. म्हणून ‘सत्या’तला तो विसर्जनाचा सीन हलक्या फाईलमध्ये बघाल तर सगळा चिखल दिसेल. आणि तोच तर सिनेमाचा कळस आहे! आवाजाचंही तसंच. टाळ्या, पाऊस, गर्दीचा गलका, हे दाबून भरले की पाण्याखालून आल्यासारखे वाटतात.

आता तुम्ही म्हणाल, दादा, ते सीडीचं जुनं झालं. आमच्याकडे फाइव्ह जी आहे. बरं. मग हे ऐका. २०२१ च्या डिसेंबरमध्ये नेटफ्लिक्सनं आपल्याकडचा मोबाईल प्लॅन १४९ रुपयांवर आणला. त्याचं चित्र किती? ४८०पी. म्हणजे उभ्या दिशेनं ४८० रेघा. आणि ३४ रुपयांच्या डीव्हीडीत पाल पद्धतीत किती? ५७६! आता लगेच निष्कर्ष काढू नका. आजचं दाबून भरायचं तंत्र तेव्हापेक्षा खूप हुशार आहे, त्यामुळे ४८०पी सुद्धा छोट्या पडद्यावर चांगलं दिसू शकतं. पण ‘नवीन म्हणजे आपोआप चांगलं’ हे डोक्यातून काढा, एवढंच म्हणणं आहे. शिवाय नेटवर्क ढिलं पडलं की ॲप तुम्हाला न विचारता चित्र हलकं करतं. आपल्या घाटंजी, झरी-जामणीकडच्या मुलांना विचारा, दोन काड्यांवर सिनेमा कसा दिसतो ते.

टेलिग्रामवरच्या चारशे एमबीच्या फाईलीबद्दल तर काय बोलू. पावणेतीन तास चारशे एमबीत. भागाकार केला तर सेकंदाला साधारण ३२५ किलोबिट येतात, चित्र आणि आवाज मिळून. आमच्या त्या बिचाऱ्या व्हीसीडीला नुसत्या चित्रासाठी ११५० मिळायचे आणि आवाजासाठी वेगळे २२४! तंत्र कितीही हुशार असलं तरी एवढ्या पिठात किती भाकरी होणार?

ठीक. तक्रार पुरे. करायचं काय, ते सांगतो. पैसे न घालवता करण्यासारखं.

एक. डाउनलोडची सोय असेल तर रात्री किंवा वायफायवर ‘हाय’ क्वालिटीत डाउनलोड करून ठेवा, मग बघा. चालू नेटवर बघण्यापेक्षा हे भरवशाचं, कारण मधेच चित्र हलकं होत नाही.

दोन. डोळ्यांसाठी असलेला पिवळा फिल्टर आणि बॅटरी सेव्हर सिनेमापुरता बंद करा. पिवळ्या फिल्टरनं रात्रीचा निळा रंग मरतो. दिवे बंद करा. दिवे बंद करायला पैसे लागत नाहीत, आपल्याकडे तर सरकारच करून देतं.

तीन. इअरफोन. शंभर रुपयांचे वायरवाले चालतील. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खालचे, घुमणारे सूर निघतच नाहीत. ‘सत्या’चं संदीप चौटांचं पार्श्वसंगीत फोनच्या स्पीकरवर ऐकणं म्हणजे ढोलाच्या जागी पत्र्याचा डबा.

चार, आणि हे कुणी सांगत नाही. एकच इअरफोन दोघांत वाटून घेता ना? एक कान तुझा, एक माझा? मग डावीकडचा आवाज एकालाच आणि उजवीकडचा दुसऱ्यालाच जातो. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ असतं. ते चालू करा. दोघांनाही सगळं ऐकू येईल. एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी तर ते खास आहे.

आणि इथून मी शेवटच्या गोष्टीकडे येतो.

बाबा आता सत्तरीला आलेत. गेल्या तीन-चार वर्षांत त्यांना ऐकू कमी येतं. टीव्हीचा आवाज पन्नासवर. आई वैतागते. त्यात उन्हाळ्यात कूलरचा घरघराट. यवतमाळचा मे महिना, कूलर बंद करायची सोय नाही. त्यांना गाणी ऐकू यायची, गोळीबार ऐकू यायचा, पण माणसं काय बोलतात ते नाही. ते चिडायचे, ‘‘आजकालचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात बाप्पा.’’ मग हळूहळू त्यांनी सिनेमा पाहणंच सोडलं. ज्या माणसानं अख्ख्या गावाला सिनेमे दाखवले, तो बातम्यांची पट्टी वाचत बसायला लागला.

मला वाटलं, वय झालं. मग एकदा वाचताना लक्षात आलं की दोष सगळा त्यांचा नाही. सिनेमाचा आवाज पाच-सहा स्पीकरांसाठी बनतो. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात, पडद्याच्या मागून. घरातल्या टीव्हीला दोनच स्पीकर, तेही बहुतेक खाली किंवा मागे तोंड केलेले. मग सहा जणांचा आवाज दोघांत कोंबला जातो, आणि संगीताखाली बोलणं दबतं. आणि हळू-मोठ्यातलं अंतर थिएटरच्या हिशोबानं ठेवलेलं. हॉलमध्ये कुजबुज ऐकू येते, आपल्याकडे ती कूलर खातो. २०२० मध्ये क्रिस्तोफर नोलनचा ‘टेनेट’ आला तेव्हा चांगले कान असलेले लोकही तक्रार करत होते की संवाद कळत नाहीत. मग बाबांचं काय घेऊन बसलात?

या दिवाळीला घरी गेलो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरलो. आवाजात ‘स्टँडर्ड’च्या जागी संवाद स्पष्ट करणारं सेटिंग होतं, ते लावलं. काही टीव्हीवर त्याला ‘क्लिअर व्हॉइस’ म्हणतात, काहींवर ‘डायलॉग’. ‘नाइट मोड’ही असतो, तो मोठे आवाज खाली आणि हळू आवाज वर आणतो. सबटायटल चालू केली. दिवाळी असल्यामुळे कूलर नव्हताच. आणि ‘सत्या’ लावला. जानेवारी २०२५ मध्ये तो पुन्हा थिएटरात आला होता, तेव्हा मी पुण्यात मोठ्या पडद्यावर पाहिला होता, आणि तेव्हाच ठरवलं होतं की हा बाबांना दाखवायचा.

सुरुवातीला ते म्हणाले, ‘‘पाह्यला आहे मी हा. शंभर वेळा.’’

मी म्हणालो, ‘‘बाबा, तुम्ही कॅसेटवर पाहिला. बसा न जरा.’’

बसले. अर्ध्या तासानं पुढे सरकले. विद्या आणि सत्याचं बोलणं चालू होतं, हळू आवाजातलं. बाबा म्हणाले, ‘‘हे असं बोलते होय ते! मले वाटे नुसतं गाणं आहे इथं.’’

मग तो सीन आला. मी त्यांच्याकडे बघत होतो, टीव्हीकडे नाही. गोळी झाली. ते दचकले नाहीत. काही वेळ गप्प. मग म्हणाले, ‘‘आपल्या सीडीवर इथे अटकत होतं.’’

मी म्हणालो, ‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘तुम्ही पोट्टे शटर खाली करून पाहत होते, तेही माहीत होतं. म्हणूनच दुसरी सीडी आणली नाही म्या. म्हटलं, तेवढं नाही पाह्यलं तर बरं.’’

आता बोला! दहा वर्षं मी ज्याला यंत्राचा दोष समजत होतो, तो निम्मा बाबांचा निर्णय होता.

तर मंडळी, एवढंच. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ मध्ये सुरू झालं, म्हणजे ‘पाठलाग’ आला त्याच वर्षी. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं २,२०० सिनेमे दुरुस्त करण्यासाठी ३६३ कोटी रुपयांचं काम जाहीर केलं. जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायच्या, ओरखडे काढायचे, आवाज साफ करायचा. मोठं काम आहे, होत राहील. पण दुरुस्त झालेला सिनेमा शेवटी आपल्याच घरात, आपल्याच पडद्यावर येणार. ते शेवटचं हातभर अंतर आपल्या ताब्यात आहे.

म्हणून या आठवड्यात एक करा. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, टीव्हीवरचं बोलणं नीट ऐकू येतं का? खरं उत्तर लगेच देणार नाहीत ते. ‘‘येते, येते’’ म्हणतील. तुम्ही सेटिंग बदला, सबटायटल लावा, शेजारी बसा, आणि त्यांचा आवडता एखादा जुना सिनेमा पूर्ण बघा. मग मला व्हॉइस नोट पाठवा, कोणता सीन त्यांनी पहिल्यांदा ‘ऐकला’.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि सीडी गोल पुसू नका!